चिवड्याची वामकुक्षी

आमच्या कुत्र्याचं नाव चिवडा. त्याच्या खानदानात कोण कोण मिसळलंय याचा पत्ता लागेना, तेव्हा ह्यांनीच ते ठेवलं. पलंगावरही ह्यांनीच घेतलं त्याला. मी नऊ वर्षं बोंबलतेय, पण या घरात माझं ऐकतंय कोण!

दुपारी जेवणं झाली की दोघं शेजारी शेजारी आडवे. पाच मिनिटांत चिवड्याचे चारही पाय धावायला लागायचे. मिशा थरथरायच्या, तोंड मिटूनच तो बारीक आवाजात भुंकायचा. हे डोळेसुद्धा न उघडता सांगायचे, "इंदू, आता मांजर दिसलं बघ त्याला." मग शेपूट गादीवर धपधप वाजली की, "हं, आता मी घरी आलो." म्हणे त्याच्या स्वप्नात हे असतात! सत्तरीच्या माणसाला काय एकेक हौस.

मग ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी बजावलं, दीड महिना धक्का लागता कामा नये. मी लगेच विचारलं, "आणि शेजारी कुत्रं झोपेत लाथा मारत असेल तर?" डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले.

"त्याला खाली उतरवू नकोस गं," दवाखान्यात जाताना हे एवढंच म्हणाले.

मी उतरवलं. दवाखान्यात आमचा मुलगा अथर्व थांबला होता. नाशकातल्या द्वारका चौकाच्या गर्दीतून डबा पोचवून मी पंचवटीत घरी यायची आणि चिवड्याला धडे द्यायची. जमिनीवर जुनी गोधडी घातली, वर ह्यांचा सदरा टाकला. पलंगावर पाय ठेवला की लाटणं दाखवायची. तिसऱ्या दिवशी पठ्ठ्या मुकाट्याने खाली झोपला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

चौथ्या दुपारी सहज खाली डोकावले. चिवडा झोपला होता, पण पाय काही हलेनात. भुंकणं नाही, शेपूट तर नुसती पडलेली. पाचव्या दुपारीही तेच. आता धावेल, मग धावेल, म्हणून वाट बघता बघता मलाच झोप लागेना. खाली स्वप्नंच पडत नव्हती त्याला. इतकं वाईट वाटलं मला, की उठून लाटणं स्वयंपाकघरात ठेवून आले.

हे घरी आले. वॉकर टेकवत आधी गोधडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. चेहराच पडला ह्यांचा.

जेवणं झाल्यावर मी ह्यांना दाराच्या बाजूला झोपवलं, स्वतः मधे पडले आणि भिंतीकडची जागा थोपटली. "चिवड्या, ये वर." त्याचा विश्वासच बसेना. दोनदा सांगावं लागलं.

पाच मिनिटांत माझ्या कमरेत पहिली लाथ बसली. मग दुसरी.

"इंदू, लागतंय का गं?"

तेवढ्यात माझ्या पाठीमागे गादीवर धपधप सुरू झाली.

"गप झोपा," मी म्हटलं. "तुम्ही घरी आलायत."