सासरवाडीची लाईट

अहमदपूरच्या सुदर्शनला दोन मुलींनी नकार दिला होता, आणि दोन्ही वेळा कारण एकच होतं: कान. तो कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रात कामाला. मालगाडीनं आलेले कोळशाचे डबे यंत्रानं उलटे करायचे, एवढंच त्याचं काम. पण ती काजळी कानात जी शिरायची ती साबणाला काही दाद द्यायची नाही. म्हणून मुदखेडजवळच्या गावात आरतीला बघायला निघताना त्याची आई तारामती हिनं त्याचे कान खोबरेल तेलानं असे रगडले की ते लालभडक झाले.

आरतीशी फोनवर बोलणं झालं होतं. ती हसायची तेव्हा सुदर्शनलाही उगीच हसू यायचं. हे लग्न जमावं असं त्याला मनापासून वाटत होतं. इतकं की पोह्यात मीठ नव्हतं तरी त्यानं दोनदा घेतले.

आरतीचे वडील शेषेराव, मिशा पिळत, थोरल्या जावयाचं कौतुक सांगत होते. हा जावई, संगमेश, बाजूलाच बसला होता.

"आमच्यात जावयाला पारखून घेत्यात. ह्यांना माळेगावच्या जत्रंत नेलं अन् लंगडा बैल दाखवला. म्हणले, लई भारी!"

"लई भारी होता," संगमेश म्हणाला.

सगळे हसले. दाराशी बसलेला गावचा लाईनमन विरूपाक्ष तंबाखू थुंकायला बाहेर गेला, आणि थोड्या वेळानं पंखा थांबला.

"हात्तिच्या!" शेषेराव म्हणाले. "पाव्हणं, तुम्ही तर वीज बनवता. लावा की एक फोन. सासरवाडीला एवढं तर झालंच पायजे."

माणसं सरसावून बसली. आईनं कोपर मारलं. सुदर्शन उठला. तो मोबाईल घेऊन अंगणात गेला, कुणाचाच नंबर सुचेना म्हणून नुसता स्क्रीनकडे बघत राहिला आणि शेवटी तसाच आत आला. तेवढ्यात पंखा फिरू लागला.

"वा रे पठ्ठे!" कुणीतरी टाळी वाजवली. तारामतीची मान ताठ झाली. दाराआडून आरती बघत होती. गप्प बसलं असतं तर काम फत्ते होतं.

"मी फोन केलाच न्हाई," सुदर्शन म्हणाला.

आईनं चिमटा काढला. पण एकदा तोंड उघडलं ते उघडलं.

"मी कोळशाचे डबे उलटवतो, मामा. कोळसा जळतो, वाफ होते, वीज तयार होते. मग सगळ्या केंद्रांची वीज एकाच हौदात पडल्यागत होते. कुणाच्या घरी कुणाची गेली, देवाला ठाऊक. तुमच्या गावचा नळ माझ्या हातात न्हाई."

टाळी वाजवणाऱ्याचे हात खाली आले. सुदर्शननं मनातल्या मनात तिसरा नकार मोजला. त्याला रडूच यायचं बाकी होतं.

"विरूपाक्ष!" शेषेरावांनी हाक मारली.

लाईनमन मिशी पुसत आत आला. "जमलं का, मालक? बंद केली तवा डीपीवर मुंगळा चावला बघा."

शेषेराव मांडीवर थाप मारून हसले. "थोरल्यानं लंगड्या बैलाला भारी म्हणलं, तरी पोरगी दिली. आता मी काय बी बोललो की ह्यांचं लई भारीच! म्हणलं, दुसरा तरी मला 'न्हाई' म्हणणारा बघावा. आरती, पेढे आण."

"लई भारी," संगमेश म्हणाला.

आरती ताट घेऊन उंबऱ्यात आली, आणि पंखा पुन्हा थांबला. सगळ्यांनी विरूपाक्षाकडे पाहिलं.

"आईशपथ, मी न्हाई! ही वरूनच गेली."

मग सगळ्या माना सुदर्शनकडे वळल्या. त्यानं लाल कान खाजवला.

"ही मातर आमची असू शकते," तो म्हणाला. "कालपासून कोळसा लई ओला येतोय, जळतच न्हाई."

आरती इतकी हसली की एक पेढा ताटातून घरंगळून थेट त्याच्या पायाशी आला.