लांबचे डोंगर

“गवत काढू?” निरीक्षकसाहेबांनी विचारलं.

“काढा. मला काय चरायचंय?” बायको म्हणाली.

साहेबांनी गवत बंद केलं. पडद्यावरचं कुरण हजामत केल्यासारखं झालं आणि कोपऱ्यातला आकडा अकरावरून चौदावर गेला.

“सावल्या?”

“काढा. झाडांना तेवढंच हलकं वाटेल.”

“पाण्यातली प्रतिबिंबं?”

“नटूनथटून कुठे जायचंय आता?”

आकडा अठरा झाला. सेकंदाला पडदा किती चित्रं दाखवतो, त्याचा तो आकडा. चोवीसच्या खाली असला की चित्र अडखळे आणि बाईंना गरगरे.

साखरेने बाईंचा एक पाय नेला होता. “आता डोळे सांभाळा,” असं डॉक्टर जाता जाता, छत्री विसरू नका म्हणावं तसं सांगून गेले होते. पलंगाजवळच्या खिडकीतून दिसायची ती शेजारच्या इमारतीची भिंत, चार हातांवर. लेकीने लांब नोकरीला जाताना आपला जुना कॉम्प्युटर आईपाशी ठेवला आणि त्यात एक चालण्याचा खेळ घालून दिला. त्यात कुणाला मारायचं नाही, काही जिंकायचं नाही. नदीकाठाने दरीतून चालायचं. बाई रोज संध्याकाळी तासभर चालून येत. “आज पुलापर्यंत गेले,” असं सांगत, आणि दमलेल्याही दिसत. मग खेळाची नवी आवृत्ती आली. दरी फार देखणी झाली आणि म्हाताऱ्या कॉम्प्युटरला धाप लागली.

“आता सरकवायची एकच पट्टी उरली,” साहेब म्हणाले. “लांबचं किती दिसावं, ती.”

“तिला हात लावायचा नाही. डोंगर राहू द्या. रोज वाटतं, उद्या तिथवर जाऊ.”

“दुरून डोंगर साजरे असतात गं.”

“जवळून चाळीस वर्षं तुम्हाला बघतेच आहे की.”

पण अठरावर भागेना. दुसऱ्या दिवशी बाईंनी दोन मिनिटांत माउस सोडला. तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटर लावाच म्हणाल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

साहेब वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी बाजारातली काटामारी पकडली. पारड्याखालचं मेण त्यांना दुकानाच्या पायरीवरून दिसे. व्यापारी त्यांना जावई आल्यासारखे हसून या म्हणत आणि जावई गेल्यासारखा सुस्कारा सोडत. अशा माणसाने चौथ्या दिवशी, बाईंचं अंग पुसायला रोज येणाऱ्या सिस्टर कामात असताना, ती पट्टी नखभर डावीकडे ओढली. मग रोज आणखी नखभर. एकदम ओढली तर गिऱ्हाईक ओरडतं, हे त्यांना ठाऊक होतं. आठवड्यात आकडा तिसावर गेला आणि डोंगर पांढऱ्या धुक्यात.

बाई पुन्हा चालू लागल्या. काठाकाठाने, जवळजवळच. डोंगरांचं नाव त्यांनी काढलं नाही. शेजारी बसून साहेब पेपरातल्या बातम्या मोठ्याने वाचत, कारण काटा मारताना समोरच्याला बोलण्यात गुंतवावं लागतं. आयुष्यातली पहिली लबाडी इतकी बेमालूम जमली, याचा त्यांना थोडा अभिमानही वाटला.

पाच महिन्यांनी बाई झोपेतच गेल्या.

पुढच्या आठवड्यात सिस्टर हजेरीच्या कागदावर सही घ्यायला आल्या. सही झाली तरी उठेनात.

“एक सांगू का काका? रागावू नका. काकूंनी शपथ घातली होती.”

“सांगा.”

“त्यांचे डोळे जायला लागले होते. लांबचं दिसत नव्हतं. त्या खेळातले डोंगर रोज थोडे थोडे पुसट होत गेले, म्हणायच्या. डॉक्टरांनी सांगितलंच होतं ना? मी म्हटलं, तपासून घेऊ. तर म्हणाल्या, नको. साहेबांना एका पायाचं ओझं पुरे.”

साहेबांनी बंद कॉम्प्युटरकडे पाहिलं.

“तुम्ही बाजारात गेलात की डोळे घट्ट मिटून बसायच्या,” सिस्टर म्हणाल्या. “सराव करायच्या. पाणी कुठे, चष्मा कुठे, गोळ्या कुठे. मला वस्तू जरा इकडची तिकडे करू द्यायच्या नाहीत. पुरं दिसेनासं होईल तेव्हा तुम्हाला कळूच द्यायचं नाही, असं ठरवलं होतं त्यांनी. सुरुवातीला सांडायच्या हो फार. पुसायचे मी.”

“सिस्टर, तिचे डोळे चांगले होते.”

“होते ना. आधी होते.”

“नाही. शेवटपर्यंत. ते मी...”

सिस्टरनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “असू दे, काका. आता काय त्याचं? गेल्या बिचाऱ्या, सुटल्या.” चपला घालून त्या जिना उतरल्या.

साहेब पलंगावर, ती बसायची तिथे, जाऊन बसले. डोळे मिटले आणि चाचपडायला उजवा हात पुढे केला.

चाचपडावं लागलं नाही. हात गेला तिथेच पेला होता. पेल्याच्या डावीकडे चष्मा, चष्म्यापलीकडे गोळ्यांची डबी, तिचं झाकण आपल्या बाजूला उघडेल असं ठेवलेलं.