जनुकाचार्यांची निळी पट्टी

बँकेच्या वरचा हॉल त्या रविवारी इतका भरला होता की मुंगीला शिरायला जागा नव्हती. आईबापांच्या मांडीवर पोरं, पोरांच्या मांडीवर दप्तरं आणि सगळ्यांच्या नजरा व्यासपीठावरच्या जनुकाचार्यांवर. आचार्यांच्या अंगात पांढरा कोट होता, गळ्यात स्टेथोस्कोप. तो त्यांनी कुणाच्या छातीला लावल्याचं ऐकिवात नव्हतं, पण गळ्यात शोभत होता खरा.

"बुद्धी शिकवून येत नाही," आचार्य सांगत होते. "ती जनुकात असते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुम्ही शिकवण्या लावता, पुस्तकं आणता. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आधी जनुक तपासा. ही निळी पट्टी जिभेवर ठेवायची. निळीच राहिली तर लेकरू तल्लख. तांबडी झाली तर..." इथे ते डोळे मिटत आणि समोरच्या आया पोरांना जवळ ओढत. "तरी घाबरू नका. आमचे जनुकजागृतीचे थेंब आहेत. घ्या, आणि महिन्याने पुन्हा तपासा."

किल्लीवाला तिसऱ्या रांगेत आ वासून ऐकत होता. चौकात त्याचं किल्ल्या बनवायचं दुकान. कसलंही कुलूप तो नुसत्या आवाजावरून ओळखायचा. माणसं ओळखण्यात मात्र हात जरा कच्चा. त्याला जुळ्या मुली. थोरली वर्गात पहिली, धाकटी काठावर पास. दोघी इतक्या सारख्या की धाकटीचे केस बारीक कापलेले नसते तर बापाचीही पंचाईत झाली असती. धाकटीला पुढे शिकवायचं की शाळेतून काढून दुकानात बसवायचं, हे आज तो पट्टीला विचारायला आला होता.

दाराशी नावं घेणाऱ्या बाई मोठ्या मायाळू होत्या. "अभ्यासात कशा आहेत हो पोरी?" त्यांनी विचारलं आणि किल्लीवाल्याने दोघींची कुंडली मांडली. "असू दे, असू दे," म्हणत बाईंनी धाकटीच्या हातावर एक गोळी ठेवली. "चघळ हं. जीभ स्वच्छ होते."

थोरलीची पट्टी निळीच राहिली. "सात पिढ्यांची पुण्याई," आचार्य म्हणाले. धाकटीची पट्टी तांबडी झाली. "खानदानातच खोट," आचार्य हळहळले. खानदान एकच आहे, हे आचार्यांच्या ध्यानात आलं नाही आणि किल्लीवाल्याच्याही नाही. थेंबांची बाटली घेऊन तो जिना उतरू लागला, तेव्हा धाकटी त्याची बाही ओढत काहीतरी सांगू पाहत होती.

"गप चल," तो म्हणाला. "तुला काय कळतंय."

त्याची मोठी बहीण शाळेत विज्ञान शिकवायची. संध्याकाळी ती आली, तर घरात सुतक असल्यासारखी शांतता. सगळं ऐकून तिने कपाळावर हात मारला.

"दोघी एकाच गर्भातून फुटून झाल्यात, हे डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं ना? म्हणजे जनुकं एकच. तू एकच वस्तू दोनदा तपासलीस, दोन निकाल घेऊन आलास आणि तरी शंका आली नाही?"

"पण ताई, फरक दिसतोय की डोळ्यांना."

"दिसतोय. आता सांग, तू एका किल्लीच्या दोन हुबेहूब नकला केल्यास. एकीने कुलूप उघडतं, दुसरीने नाही. काय म्हणशील?"

"म्हणेन, दुसरी नंतर कुणीतरी घासली."

"मग घासली कुणी, ते बघ," ताई म्हणाली आणि धाकटीला घेऊन गच्चीत गेली. आत्या-भाचीची बराच वेळ कुजबुज चालली होती.

पुढच्या रविवारी ताईने दोघींना सारखे फ्रॉक घातले, डोक्यावर सारख्या टोप्या चढवल्या आणि भावाला मागे उभं करून दाराशी गेली. "ही पहिली येते," तिने धाकटीला पुढे केलं. "आणि ही आमची मठ्ठ." मायाळू बाईंनी थोरलीला गोळी दिली. थोड्या वेळाने आत थोरलीची पट्टी तांबडी झाली. धाकटीची निळीच राहिली. "सात पिढ्यांची पुण्याई," आचार्य धाकटीला म्हणाले.

किल्लीवाला आळीपाळीने दोन्ही पट्ट्यांकडे बघू लागला. ताईने बाईंच्या डब्यातली एक गोळी उचलली आणि सरळ व्यासपीठावर गेली.

"आचार्य, एवढी चघळा. मग पट्टी तुमच्या जिभेवर ठेवू."

"आज माझा उपास आहे," आचार्य म्हणाले.

"तर मग बरंच आहे, जीभ कोरी असेल," ताई म्हणाली. हॉल हसला. एवढ्या लोकांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. आचार्यांनी गोळी चघळली, जीभ काढली, आणि त्यांचं जनुक सगळ्यांदेखत तांबडं निघालं. ताईने त्याच पट्टीवर त्यांच्याच थेंबांतला एक थेंब सोडला. पट्टी पुन्हा निळी झाली.

"अभिनंदन, जागृती झाली," ताई म्हणाली आणि लोकांकडे वळली. "हा शाळेतला लिटमस कागद आहे. आंबटाने तांबडा होतो, सोड्याने निळा. गोळी आंबट, थेंबांत खायचा सोडा. मूल कसं आहे ते दाराशी तुम्हीच सांगता आणि आत येऊन तेच विकत घेता. बुद्धीत रक्ताचा वाटा असतोच, नाही म्हणत नाही. पण तो हजारो जनुकांत विखुरलेला असतो, जिभेवर येऊन बसत नाही. आणि त्यावर पोटभर जेवण, पुरेशी झोप, शाळा आणि घरातल्यांचे शब्द रोज काम करत असतात."

आचार्य तोवर मागच्या दाराने गेले होते. स्टेथोस्कोप खुर्चीवरच राहिला.

घरी परतताना किल्लीवाल्याला एकेक आठवू लागलं. पहिलीत धाकटीच तापाने दोन महिने घरी होती. मागे पडली, तेव्हा त्यानेच तिला प्रथम मठ्ठ म्हटलं. खिडकीशेजारचं टेबल थोरलीला मिळालं आणि धाकटीला दुकानाचं स्टूल, "नाहीतरी ही अभ्यास कुठे करते" म्हणून. त्याला स्वतःची लाज वाटली.

"गोळीचं आत्याला कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"मी," धाकटी म्हणाली. "हिला दिली नाही, मलाच दिली, आणि आंबट होती."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"जिन्यात सांगत होते. तुम्ही म्हणालात, तुला काय कळतंय."

तेव्हा, एखादा कागद तुमचं पोर मठ्ठ आहे म्हणाला, तर आधी कागद तपासा. तेही जमत नसेल, तर निदान पोराला विचारा.