पाच बटणं

तिसरं बटण काजात शिरलं तेव्हा सव्वासात होऊन गेले होते. नवरा दाराशी उभा होता.

“लावून देऊ?”

“नको. मोजतेय.”

“लग्नाच्या दिवशीसुद्धा तयार व्हायला एवढा वेळ लावला नव्हतास!”

ती हसली नाही. उठल्यापासून पांढऱ्या कोटाचं पाचवं बटण लागेपर्यंतची मिनिटं ती रोज वहीत लिहायची. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं रक्त घेणारी ती. पेशंट तिला सुईताई म्हणत. दोन वर्षांपूर्वी तिच्याच बोटांचे सांधे सुजायला लागले. सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, “सूज बोटांपुरती राहत नाही. तिचे निरोप रक्तातून मेंदूपर्यंत जातात. मग माणसं नकोशी होतात, साधा चेहरासुद्धा रागावलेला वाटू शकतो. आजारी जनावर कसं कोपरा धरून बसतं, तसं.”

तेव्हापासून तिने एक नियम केला होता. मिनिटं तिसाच्या वर गेली, तर त्या दिवशी कोणाबद्दल मत बनवायचं नाही.

“काल ती साहेबांच्या खोलीतून बाहेर आली,” चौथ्या बटणाशी झगडत ती म्हणाली. “मला बघितलं आणि तोंड फिरवलं. माझ्या टेबलावरून मला हटवायचा डाव आहे तिचा.”

ती म्हणजे शेजारच्या टेबलावरची मैत्रीण. दोघींनी एकोणीस वर्षं एका डब्यात खाल्लं होतं. सगळा विभाग त्यांना जावाजावा म्हणायचा.

पाचवं बटण लागलं.

“किती झाली?” नवऱ्याने विचारलं.

“बेचाळीस.”

“मग आज ती निर्दोष.”

पर्समध्ये बदलीचा अर्ज होता. गावाबाहेरच्या शाखेत, नुसत्या कागदांचं काम. सही तेवढी राहिली होती. ती केली की सुई सुटणार होती, आणि ही जाऊही.

दुपारी मैत्रिणीने डबा पुढे सरकवला. “भूक नाही,” सुईताई म्हणाली. थोड्या वेळाने पाठीमागे कोणीतरी खुदकन हसलं. तिची मान तापली. बेचाळीस, ती स्वतःला बजावत राहिली, बेचाळीस. पर्सकडे गेलेला हात तिने मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी अडतीस. त्यानंतर एकेचाळीस. मग गोळी बदलली, आणि आठवड्याने बटणं नऊ मिनिटांत लागली. ती आरशासमोर थांबली. दुखरी जागा दाबून बघावी तशी तिने शंका दाबून बघितली. होती. म्हणजे ही शंका सुजेची नव्हती.

पेशंट यायच्या आधीच तिने विचारलं, “साहेबांना माझ्याबद्दल काय सांगितलंस?”

नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारे मैत्रिणीचे हात थांबले.

“तुला रिपोर्टांच्या टेबलावर घ्या म्हटलं. मागे ते म्हातारे आजोबा आले होते, त्यांना तीनदा टोचलंस गं. सुई नीट धरवत नव्हती तुला.”

“मला नाही सांगायचं?”

“कधी सांगू? महिना झाला, माझ्याकडे पाठ करून बसतेस. मला वाटलं, माझंच काही चुकलं. घरी जाऊन रडले एकदा. जाऊ दे.”

सुईताईला आजोबांचा हात आठवला. कोपराच्या आतला निळा डाग. तो तिने पाहिला होता, आणि पाहूनही वहीत कुठे लिहिला नव्हता.

तिने आपला सुयांचा ट्रे उचलला आणि मैत्रिणीच्या टेबलावर ठेवला. मग पेशंटच्या खुर्चीत बसून बाही वर केली.

“माझी सुजेची तपासणी राहिलीय. घे.”

“मी?”

“मग काय साहेब घेणार?”

मैत्रिणीने दंडाला रबरी पट्टा बांधला आणि सवयीने म्हणाली, “मूठ आवळा.” लगेच तिने जीभ चावली.

सुईताईने बोटं वळवली. ती तळहाताच्या अर्ध्यापर्यंत आली आणि थांबली. तिने ती तिथेच धरून ठेवली.

“एवढीच होते.”

“पुरे,” शीर चाचपत मैत्रीण म्हणाली. “आता हलू नकोस.”