खाणीत कोणी नाही

"खाणीत कोणी नाही, एवढंच लिहिलंय. इथे सही करा," म्हणत साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला.

अनवरीने चष्मा पुसून तो वाचला आणि भिंतीवरच्या फळीकडे बोट केलं. "दोनशे चौदा नंबर अजून आत हाय, सायेब."

वणीकडच्या टेकडीखालची ही कोळशाची भुयारी खाण पाणी घुसून बंद पडली, त्याला अकरा वर्षं झाली. आता तिचं तोंड बुजवायचं होतं. सरकारी हिशेबात ही घाईच म्हणायची. अनवरी मात्र खाणीचं दिवाघर अजून सांभाळत होती, कारण ते बंद करण्याचा हुकूम काढायला कोणाला आठवलं नव्हतं. तिथला नियम साधा होता. खाली जाणाऱ्याने दिवा घेऊन आपल्या नंबराचा पितळी बिल्ला फळीवर टांगायचा, वर आल्यावर काढून न्यायचा. फळी रिकामी, तर खाण रिकामी. अनवरी स्वतः एकदाही खाली उतरली नव्हती. खाली गेलेले मोजणं हेच तिचं काम.

"तो भारत ना? पाणी घुसलं त्या दिवसापासून रेकॉर्डवर 'विनापरवाना गैरहजर' आहे. पळून गेला."

"पळून जाणारा बिल्ला टांगून जाते का? इतका कायदेशीर मानूस पळंन कायले?"

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"दरसाल अर्ज केला. दरसाल पोच आली."

बाहेर काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता. ड्रायव्हर तनवीर दारातून डोकावला. "सायेब, माल जमून राह्यला! अर्ध्या घंट्यात ड्रमाचाच दगड होईन."

साहेब घामाघूम झाले. "आपा, आता मी माणूस कुठून काढू?"

"काढा कोन म्हन्ते? बुजवा तोंड. पन आत मानूस हाय, असं लिहून बुजवा."

"फॉर्मात तसा रकाना नाही."

"रकाना नसंन, जागा हाय ना."

तिने 'कोणी नाही'वर काट मारली. वर लिहिलं : 'एक कामगार आत. नंबर २१४, भारत.' खाली सही. तिन्ही प्रतींवर. दुसऱ्या प्रतीवर साहेबांनी हात ठेवला होता. दळणावर बसलेलं मांजर उचलावं तसा तो तिने उचलून बाजूला ठेवला.

चौथा फॉर्म नव्हता. साहेबांनी वर फोन लावला. वरून विचारणा झाली, सही आहे का? आहे. मग मारा शिक्का आणि ओता. काय लिहिलंय, हे विचारायची त्या कार्यालयात पद्धत नव्हती. साहेबांनी तीन शिक्के मारले.

एक प्रत दिवाघराची. खाणीच्या तोंडात काँक्रीट पडत होतं, तेव्हा ती प्रत घेऊन अनवरी भर उन्हात भारतच्या मायच्या, रुपीबाईच्या दारात उभी होती. अकरा वर्षं गल्लीने गप्पांमध्ये रुपीबाईचा पोरगा सुरतेला पळवला होता. सोबतची बाई तेवढी दर दिवाळीला बदलायची.

"काय लिवलं व अनवरी?"

"भारत कामावर हाय. खाली शिक्का हाय."

रुपीबाई रडली नाही. तिने बाज ओढून रस्त्याच्या मधोमध टाकली, पदर सारखा करून तिच्यावर बसली, कागद गुडघ्यावर पसरला आणि समोरून येणाऱ्या पहिल्याच सायकलवाल्याला थांबवलं.

"वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं वाच."