उभ्या गाडीची थरथर

आई चालकाच्या जागी असली की सिग्नलला उभ्या असलेल्या आमच्या सात आसनी गाडीचं इंजिन थरथरे. बाबा असले की थरथरत नसे.

आईने वाहन परवाना निवृत्तीनंतर काढला होता. येत्या शुक्रवारी तिला घाटापलीकडे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या मावशीकडे, एकटीने गाडी घेऊन जायचं होतं आणि मन भरेपर्यंत राहायचं होतं. गाडी बरी होईपर्यंत किल्ली आपल्याकडे राहील, असं बाबांनी जाहीर केलं. बाबांच्या हाती गाडी मुळात कधी आजारीच नसल्याने ती बरी झाल्याचं सिद्ध होण्याची सोय नव्हती.

"गाडी माणूस ओळखते," बाबा म्हणाले.

"ओळखत असती तर तुम्हाला बघून थरथरली असती," आई म्हणाली. "मी नव्हते का थरथरले बोहल्यावर?"

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणत, कारण लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवून आणि मूठ कानाशी धरून तो निदान करी. बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून त्याने आमचं इंजिन दोन वेळा ऐकलं होतं. पहिल्या खेपेला त्याने स्पार्क प्लग बदलले, दुसऱ्या खेपेला थ्रॉटल साफ केलं. दोन्ही खेपांना नंतर इंजिन शांत चाललं. उपचारापूर्वीही ते त्याच्या अंगणात तितकंच शांत होतं, ही बाब त्याने निष्कर्षात धरली नाही.

"ताई, इंजिन ठणठणीत आहे. तुम्ही क्लच जरा हळू सोडत जा."

"उभ्या गाडीत कुठला क्लच सोडू?"

"तेही आहेच म्हणा," डॉक्टर म्हणाला, आणि बाबांकडे बघून समजूतदारपणे हसला.

प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या मुलीला घरात सहसा कोणी काही विचारत नाही. मी न विचारताच सुचवलं, की माणूस बदलण्याऐवजी एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. रविवारी सकाळी आम्ही तिघं इमारतीच्या वाहनतळात उतरलो. जमीन सपाट, प्रेक्षक फक्त पहारेकरी.

आई बसली, थोडं पुढे जाऊन थांबली. गाडी थरथरली. समोरच्या खाचेतल्या बाटलीतलं पाणी हिंदकळू लागलं.

"आसन फार पुढे घेतेस," बाबा म्हणाले.

आसन मागे सरकवलं. पाणी हिंदकळतच राहिलं. एसी बंद केला, रेडिओ बंद केला, आरसा बाबांच्या उंचीला लावला. आरशाचा इंजिनाशी संबंध काय, असं मी विचारलं नाही. शंका संपेपर्यंत शंका काढाव्यात, हे बरं असतं.

"चप्पल पातळ आहे तुझी. माझे बूट घाल."

आईने बूट घातले. एकेका बुटात तिचे दोन्ही पाय मावले असते. गाडी बुटांसकट थरथरली.

"चष्मा देऊ का?" बाबांनी विचारलं, आणि ते थट्टा करत नव्हते.

"आता उलटं करू," मी म्हटलं. "बाबा, तुम्ही बसा आणि आई जे जे करते ते ते करा. आई, तू बघत राहा."

बाबांनी गाडी चालवली, थांबवली. इंजिन शांत. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू प्रबंधच स्वीकारला गेला आहे.

"हात," आई म्हणाली.

"कुठला हात?"

"हँडब्रेकवरचा. मी नाही ओढत. आम्हाला शिकवलं, गाडी उभी तर पाय ब्रेकवर."

बाबांनी आपल्या हाताकडे पाहिलं. लिव्हर वर होता, आणि तो केव्हा ओढला हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. त्यांनी तो खाली केला आणि पाय ब्रेकवर दाबून धरला.

बाटलीतलं पाणी हिंदकळलं.

पाय उचलला, पाणी शांत. दाबला, हिंदकळलं. उचलला, दाबला, उचलला. दिव्याचं बटण नुकतंच सापडलेल्या मुलासारखे बाबा बराच वेळ हेच करत होते.

"अहो, पुरे. माणूस ओळखला तिने," आई म्हणाली.

डॉक्टर हत्यारांची पेटी घेऊन वाहनतळात आला. या वेळी त्याने कान इंजिनाऐवजी पेडलपाशी नेला. आईने ब्रेक दाबताच तिथून सुस्काऱ्यासारखा बारीक आवाज आला. मग त्याने इंजिनाकडून ब्रेकच्या डब्याकडे जाणारी रबरी नळी चिमट्यात दाबून बंद केली. आईचा पाय ब्रेकवरच होता, थरथर थांबली.

"ब्रेक कडक लागत होता का हल्ली?" त्याने विचारलं.

"मी महिनाभर सांगतेय," आई म्हणाली. "तर हे म्हणाले, तुझ्या पायात जोर नाही."

बाबा काहीसे ओशाळले. "मला वाटलं, माझा गुडघा गेला," ते म्हणाले. "रोज तेल चोळतोय."

"म्हणून वास येत होता होय."

"नवा डबा बुधवारी बसवतो," डॉक्टर म्हणाला. "तोवर गाडी कोणी हलवायची नाही."

"कोणी म्हणजे हेसुद्धा?"

"साहेबसुद्धा. आणि नंतर खुशाल घाट उतरा, ताई."

आईने किल्ली काढून पर्समध्ये टाकली. बाबांनी फक्त आपले बूट परत मागितले.

कारण असं होतं. ब्रेकच्या पेडलमागे बूस्टर नावाचा बंद डबा असतो. इंजिन त्यातली हवा ओढून घेतं, आणि त्या निर्वाताच्या जोरावर पायाचा दाब वाढून ब्रेक हलका लागतो. आमच्या बूस्टरमधला रबरी पडदा फाटला होता. ब्रेक दाबलेला असेतो त्या फाटीतून बाहेरची हवा इंजिनात शिरे. पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होई, आणि मंद चालणारं इंजिन अडखळे. आई सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून थांबे. बाबा हँडब्रेक ओढून पाय काढून घेत. डॉक्टरही तेच करी.