हातोडीखालचा आवाज

मसुद्याच्या पहिल्या पानावर उन्हाची तिरीप येऊन टेकली, तेव्हा त्याने पेन्सिल खाली ठेवली. रोजचेच ऊन होते ते. खिडकीच्या गजांमधून आत यायला त्याला नेहमी थोडा वेळ लागे. आधी ओट्याच्या कडेवर पाणी घातलेल्या दुधासारखा फिकट पट्टा दिसे, मग तो पट्टा हळूहळू घट्ट होत जाई, बरण्यांच्या काचेत शिरे, आणि आतली साखर, मीठ क्षणभर काहीतरी मौल्यवान असल्यासारखे उजळून निघे. नळाच्या तोंडाशी एक थेंब फुगत होता. त्यात सबंध खिडकी उलटी दिसत होती, गजांसकट. थेंब सुटला, खिडकी नाहीशी झाली, आणि नव्या थेंबात पुन्हा तीच खिडकी जमू लागली. पातेल्यावरचे झाकण वाफेने थरथरत होते. शेगडीपुढे पाठमोऱ्या उभ्या असलेल्या वडिलांच्या सदऱ्यावरून ऊन चढत चढत खांद्यापर्यंत पोचले होते, आणि धुऊन धुऊन विरलेल्या त्या कापडाखाली त्यांचे खांदे किती उतरले आहेत ते दिसत होते. जगातली बरीचशी कामे अशी मुकाट्याने होत असतात, असे त्याला अलीकडे वाटे. त्याला ते आवडे.

रेडिओ तेवढा या मुकेपणाला अपवाद होता. फडताळावर बसून तो बातम्या ओरडून सांगत होता. गेल्या वर्षभरात त्याचा आवाज वाढवत वाढवत वडील इथवर आले होते. खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा जिना चढून तक्रार घेऊन आल्या, तेव्हा वडील हसून म्हणाले होते, "काय करता, आमच्या चिरंजीवांना मोठाच लागतो." त्याने मान खाली घालून तो आरोप आपल्यावर घेतला होता. म्हाताऱ्या माणसाची तेवढी अब्रू राखायला आपले काय जाते, असे त्याने स्वतःला समजावले होते.

वडील कप घेऊन वळले, टेबलाला वळसा घालून त्याच्या डाव्या हाताला येऊन बसले, आणि त्याच्या तोंडासमोर तोंड आणून, सभेत बोलावे तशा आवाजात म्हणाले,

"आज सही होईल, नाही?"

"होईल. एक कलम सोडलं तर सगळं ठरलंय."

"चाचणीचं?"

त्याने मान हलवली आणि चहात बघत राहिला. 

दोघेही एकाच सरकारी खात्यात अभियंते होते. वडिलांची सारी नोकरी पुलांच्या तपासणीत गेली होती, आणि आता तिचे शेवटचे थोडे दिवस उरले होते. तो आधी पंपगृहात होता. गेल्या वर्षी बदली होऊन तो त्यांच्याच पथकात आला. तपासणीची यंत्रे आली होती, तरी खात्यात अजून पहिला मान हातोडीला होता. काँक्रीटवर हातोडी मारीत जायचे आणि ऐकायचे. भरीव जागा खणखणीत वाजते. आत पोकळी धरलेली जागा बद्द आवाज करते. जिथे आवाज बदलेल तिथे खडूने गोल काढायचा. मग दुरुस्तीची माणसे येऊन तो गोल फोडतात. या कामात वडिलांचा शब्द शेवटचा मानला जाई. लोक त्यांना मास्तर म्हणत.

आणि तरीही गेल्या हिवाळ्यात एका पुलाच्या पोटातून काँक्रीटचा मोठा तुकडा सुटून खालच्या पायवाटेवर पडला. पहाट होती, वाटेवर कोणी नव्हते, म्हणून निभावले. तो गाळा, म्हणजे पुलाचा दोन खांबांमधला भाग, बापलेकांनीच तपासलेला होता आणि अहवालावर दोघांच्याही सह्या होत्या. तुकडा कोणाच्या हातोडीखालून निसटला, हे त्याने वडिलांना कधी विचारले नाही. तेव्हापासून मात्र तो एक गोष्ट बघत होता. तो एखादा भाग ठोकून पुढे सरकला की वडील मागून येऊन तोच भाग पुन्हा ठोकत. आपल्या कानांवरचा भरवसा उडालेला माणूस असेच करणार, असे मनाशी म्हणून तो नजर दुसरीकडे वळवी.

त्या तुकड्यातूनच खाते आणि अभियंत्यांची संघटना यांच्यातल्या करारातले नवे कलम निघाले होते. तपासणीवरच्या प्रत्येक अभियंत्याची दर वर्षी श्रवणचाचणी व्हावी आणि जो उतरणार नाही त्याला साइटवरून काढून टेबलावर बसवावे, हुद्दा एक पायरी खाली आणून, असे खात्याचे म्हणणे होते. संघटनेला ते मान्य नव्हते. मसुदा लिहायचे काम त्याच्याकडे आले होते, कारण संघटनेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांच्या मते हा मुलगा बोलायच्या नावाने शून्य असला तरी लिहायला बसला की समोरच्याची वाचा बसवतो. त्यांनीच त्याचे नाव मौनी पाडले होते. त्याने त्या नावाला कधी हरकत घेतली नाही. तसा तो लहानपणापासून अबोल होता. आता जरा जास्त झाला होता इतकेच.

काल संध्याकाळी त्याने मसुद्यात एक ओळ घातली होती. ज्यांची साइटवरची सेवा वीस वर्षांहून अधिक आहे त्यांना चाचणीतून वगळावे. त्यांचा अनुभव हीच त्यांची चाचणी. ती ओळ लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर एकच माणूस होता, टेबलामागे बसवलेला, खिशात खडू असलेला.

बैठक नदीकाठच्या मुख्य कार्यालयात होती. लांब टेबल, मध्ये पाण्याच्या बाटल्या, खिडकीबाहेर जुना पूल. खात्याच्या बाजूने कार्मिक अधिकारी बसल्या होत्या. त्याही मूळच्या अभियंता. चष्मा कपाळावर ढकलून बोलण्याची त्यांना सवय होती. संघटनेकडून अण्णा होते, मास्तर होते, आणि कोपऱ्यात लिहून घ्यायला तो होता. अण्णांनी सुरुवातीलाच हवा सैल केली. मॅडम, कानांची परीक्षा घ्यायचीच तर आधी वरच्या साहेबांची घ्या, आम्ही तीन वर्षं ओरडतोय, असे ते म्हणाले. सगळे हसले. तो थोडा मागाहून हसला. अण्णा खिडकीकडे तोंड करून बोलत होते. लोक हल्ली फारच तोंडातल्या तोंडात बोलतात, हे त्याच्या पुन्हा एकदा मनात आले.

वगळण्याची ओळ वाचली गेली, तेव्हा कार्मिक अधिकाऱ्यांनी चष्मा खाली घेऊन ती स्वतः पुन्हा वाचली. मग त्या फोन करायला बाहेर गेल्या. परतल्या तेव्हा त्यांनी दोन्ही हात टेबलावर पसरले. जुन्या लोकांना सूट द्यायला वरून होकार होता. बाकीच्यांना मात्र चाचणी द्यावी लागेल आणि टेबलाचा नियम त्यांना लागू राहील. अण्णांनी कोपऱ्याकडे बघून भुवया उडवल्या. निम्मा गड तर आला होता. त्याने खाली बघून ओळीपुढे खूण केली. 

तेवढ्यात वडील उभे राहिले.

"ही सूट काढून टाका," ते म्हणाले.

अण्णांना आधी ती थट्टा वाटली.

"मास्तर, अहो तुमच्यासाठीच तर आहे ती. ताटात वाढलेलं परत कशाला पाठवताय?"

"म्हणूनच सांगतोय. मला नको."

मग खाली बसून ते बराच वेळ शांतपणे बोलले. पूल कोणाची सेवा किती झाली ते बघत नाही. चाचणी सगळ्यांची व्हावी, आणि पहिली त्यांची. संघटनेने भांडायचे ते चाचणीशी नव्हे, पुढच्या वाक्याशी. जो उतरणार नाही त्याचा हुद्दा जाता कामा नये. त्याला खात्यातच त्याच्या तोलाचे काम मिळावे. आणि ज्याने पंपगृहात नोकरी केली आहे त्याचे कान गेले असतील, तर ते कामामुळे गेले असे धरून उपचाराचा आणि श्रवणयंत्राचा भार खात्याने उचलावा.

"हे पंपगृह मध्येच कुठून आलं?" कार्मिक अधिकाऱ्यांनी विचारले.

वडील बाटली उघडून पाणी प्यायले. कार्मिक अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे बघितले आणि जेवणानंतर बसू म्हणाल्या.

बाहेर, गाडीपाशी, त्याने वडिलांना गाठले. वर्षभर दाबून ठेवलेले वाक्य त्याच्या तोंडून अगदी सपाट निघाले.

"बाबा, चाचणीत काय निघेल ते ठाऊक आहे तुम्हाला. शेवटच्या दिवसांत टेबलावर बसवतील. कशासाठी?"

वडील त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी नवल आले, मग ते ओसरले आणि त्या जागी काहीतरी फार थकलेले येऊन बसले. त्यांनी डिकी उघडली, हातोडी आणि खडू बाहेर काढला.

"चल," ते म्हणाले.

जुन्या पुलाच्या पहिल्या गाळ्याखाली काठाची जमीन इतकी वर आलेली होती की हात उंचावला तर पुलाचे पोट लागे. पाण्यावरून परतलेले ऊन त्या करड्या काँक्रीटवर जाळ्यासारखे हलत होते. वडिलांनी हातोडी त्याच्या हातात दिली आणि स्वतः दहा-बारा पावले लांब जाऊन, त्याच्याकडे पाठ करून, नदीकडे तोंड करून उभे राहिले.

तो ठोकू लागला. खांबापासून सुरुवात करून, हातभर अंतराने, शिकवले होते तसे. हातोडीचा दणका मनगटातून कोपरापर्यंत येत होता. सगळीकडे एकच आवाज होता, साधा, भरीव. पूल जुना होता पण त्या काळचे लोक चोख काम करीत. त्याने आणखी एक घाव घातला आणि पुढे सरकला.

वडिलांनी हात वर केला. वळून न बघता.

तो थांबला. ते चालत आले, त्याने नुकत्याच सोडलेल्या जागेवर खडूने गोल काढला.

"इथे चांगलं आहे, बाबा."

"पुन्हा मार."

त्याने मारले. तोच आवाज. त्याने शेजारी मारले, मग पुन्हा गोलात. काहीच फरक नव्हता. त्याला वडिलांची विलक्षण कीव आली. नसलेली पोकळीही आता ऐकू येऊ लागली यांना. हे इथेच संपवावे, म्हणून त्याने हातोडी फिरवून घेतली आणि तिच्या टोकदार तोंडाने गोलाच्या मधोमध घाव घातला.

खपली निघावी तसा तळव्याएवढा तुकडा सुटून त्याच्या पायांपाशी पडला. मागे अंधारी पोकळी होती, आणि तिच्यातून गंजून फुगलेली सळई दिसत होती.

तो त्या पोकळीकडे बघत राहिला. पाण्यावरचे ऊन तिच्या कडांपर्यंत येऊन मागे फिरत होते. पंपगृहातली ती वर्षे त्याला आठवली: अष्टौप्रहर घरघरणारी यंत्रे, ओठ वाचून आणि बोटांनी खुणा करून चाललेल्या गप्पा, कामावरून सुटल्यावर रस्ता किती शांत वाटे ते. मग स्वयंपाकघर आठवले. टेबलाला वळसा घालून, दरवेळी, डाव्या बाजूला, त्याच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाकडे येऊन बसणारे वडील.

"कधीपासून?" त्याने विचारले.

वडिलांनी त्याच्यासमोर येऊन, तोंड वर करून उत्तर दिले.

"पंपगृहातून आलास, तेव्हाच दिसलं होतं."

"बोलला नाहीत."

"मी रोज बोलत होतो. तू विचारलं नाहीस."

गेल्या हिवाळ्यातल्या तुकड्याबद्दल त्याने आताही विचारले नाही. विचारण्यासारखे त्यात काही उरले नव्हते. त्याने वाकून पायाशी पडलेली खपली उचलली, उगीचच तिच्यावरची धूळ अंगठ्याने पुसली आणि ती खांबाच्या कडेला नीट ठेवून दिली. वडिलांनी हातोडी मागितली. त्याने ती दिली. वर जाताना ते त्याच्या डाव्या बाजूने चालत होते.

जेवणाच्या सुट्टीत त्याने काही खाल्ले नाही. रिकाम्या बैठकीच्या खोलीत बसून त्याने आपली ओळ खोडली. अनुभव हीच चाचणी. किती डौलदार वाक्य होते ते. तिच्या जागी त्याने वडिलांचे म्हणणे साध्या शब्दांत उतरवले, पंपगृहासकट, आणि स्वच्छ अक्षरात पान पुन्हा लिहून काढले.

माणसे परतली. अण्णा खुर्चीत टेकता टेकता, खिडकीकडे बघत, काहीतरी म्हणाले आणि शेजारचे हसले. तो हसला नाही. त्याने पान कार्मिक अधिकाऱ्यांपुढे सरकवले. त्यांनी ते सावकाश वाचले. हुद्द्याच्या वाक्यापाशी त्या थोड्या थबकल्या, मग हे मी वर पटवून देईन म्हणाल्या. शेवटच्या वाक्याखाली त्यांचे बोट थांबले. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"पण पंपगृहाचं हे नेमकं कोणासाठी? एखादा माणूस तरी दाखवा. नाहीतर वरचे लोक मानणार नाहीत."

वडिलांनी बोलण्यासाठी तोंड उघडले. त्याने टेबलाखालून त्यांच्या बाहीवर हात ठेवला. कार्मिक अधिकाऱ्यांच्या ओठांवरून त्याने त्यांचा प्रश्न अक्षर न अक्षर वाचला होता. एवढ्या बैठका झाल्या, पण तो आजवर एकाही बैठकीत बोललेला नव्हता. अण्णांनी मान वळवून त्याच्याकडे बघितले.

"माझ्यासाठी," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही."